क्रिएटर, त्यांचे फॉलोअर आणि प्रेडिक्शन मार्केट: एकत्र आले तर भाव नेमका काय सांगतो?

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये एक्सने (पूर्वीचं ट्विटर) पॉलिमार्केटला आपला अधिकृत प्रेडिक्शन मार्केट भागीदार म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून पोस्टखाली टक्केवारी, लाइव्ह चालू असताना भाव, "माझ्या लिंकवरून खातं उघडा" हे सगळं एकमेकांत मिसळत चाललंय. मी अवकाशमोहिमांवरच्या एका चॅनलच्या ग्रुपचा मॉडरेटर आहे. "अमुक रॉकेट महिनाअखेरीपर्यंत उडेल का" यावर आमच्याकडे रोजच वाद होतात, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका प्रश्नाचे "हो" आणि "नाही" असे दोन शेअर असतात. निकाल "हो" लागला तर "हो"च्या शेअरला १ डॉलर मिळतो, नाहीतर शून्य. आज तो शेअर ६२ सेंटला विकला जात असेल तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. कल्पना जुनीच आहे. आयोवा विद्यापीठाचा निवडणूक बाजार १९८८ पासून चालतोय, आणि तिथे एका माणसाला ५०० डॉलरपेक्षा जास्त घालता येत नाहीत.

कंपन्यांना क्रिएटर हवेत ते फक्त जाहिरातीसाठी नाही. छोट्या प्रश्नांवर समोर घेणारा-विकणाराच नसतो, ही या बाजारांची कायमची अडचण. अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सन यांनी त्यावर एक गणिती सूत्र सुचवलं: बाजार चालवणाराच ठरावीक नियमाने दोन्ही बाजूंना भाव देत राहतो आणि त्यात होणारा मर्यादित तोटा सोसतो. क्रिएटरकडे दुसरा उपाय आहे. त्याच्याकडे एकाच वेळी, एकाच प्रश्नाकडे बघणारी हजारो माणसं असतात.

आणि माझ्या मते गोम इथेच आहे. गर्दीचा अंदाज चांगला ठरतो तो माणसं आपापला विचार करून आलेली असतात म्हणून. गॉल्टन यांनी १९०७ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेलं बैलाच्या वजनाचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं: लोकांनी बैलाच्या वजनाचा अंदाज लिहिलेल्या ७८७ चिठ्ठ्या, मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. पण त्यातल्या प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतः भरली होती, हे सांगायचं राहून जातं. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एकमेकांचे आकडे दाखवून पुन्हा अंदाज मागितले. अंदाज एकमेकांच्या जवळ सरकले, अचूकता सुधारली नाही, आत्मविश्वास मात्र वाढला. क्रिएटरचा ग्रुप म्हणजे हाच प्रयोग रोज, मोठ्या आवाजात.

म्हणून माझं म्हणणं असं: क्रिएटरने प्रश्न विचारावा, माहिती द्यावी, नोंद ठेवावी. स्वतःचा आकडा आधी बोलू नये. आणि ज्या प्रश्नाचा निकाल त्याच्या हातात आहे त्यात त्याचा एक पैसाही नसावा. एवढं पाळलं तर या दोन गोष्टी एकत्र येण्यात मला खूप काही चांगलं दिसतं. नाही पाळलं तर भावाच्या नावाखाली आपण एका माणसाचं मत टक्केवारीत वाचत असू.

तुम्हाला काय वाटतं?

---

घनगर्द

विषय छान मांडलाय, पण मुख्य मुद्द्याशी मी असहमत आहे. बाजार म्हणजे सर्वेक्षण नाही. क्रिएटर चुकीचा बोलला आणि त्याचे फॉलोअर मागे धावले, तर भाव चुकतो, आणि चुकलेला भाव म्हणजे दुसऱ्या कुणासाठी कमाईची संधी. तो येतो, उलट बाजू घेतो, भाव जागेवर येतो. झुरिकच्या प्रयोगात उलट बाजू घेऊन कमावण्याची सोय नव्हती.

२०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पॉलिमार्केटवर एका फ्रेंच माणसाने ट्रम्प यांच्या बाजूने प्रचंड पैसा लावला. भाव फुगवलाय असं बरेच जण म्हणत होते. पण त्याने स्वतःच्या खर्चाने वेगळ्या पद्धतीचं सर्वेक्षण करून घेतलं होतं. "तुम्ही कुणाला मत देणार" याऐवजी "तुमचे शेजारी कुणाला देतील" असा प्रश्न त्यात होता. तो बरोबर ठरला. एकटा माणूस गर्दीपेक्षा जास्त जाणत असेल तर बाजाराने त्याचं ऐकलंच पाहिजे. क्रिएटर कधीकधी तसा माणूस असतो. त्याला गप्प बसवून काय मिळवणार?

---

आडवाछेद

घनगर्द, तुमचा मुद्दा खोल बाजाराला लागू पडतो. अध्यक्षीय निवडणुकीत कोट्यवधी डॉलर फिरतात, म्हणून तिथे उलट बाजू घेणारे येतात. क्रिएटरच्या ग्रुपमधला प्रश्न बघा: "पुढच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी इतके व्ह्यू मिळतील का?" या प्रश्नासाठी अभ्यास करून पैसे घेऊन येणारा बाहेरचा माणूस कोण? जे आहेत ते सगळे एकाच चॅनलचे, एकच व्हिडिओ बघून आलेले.

आणि मोठ्या बाजारातही भाव जागेवर यायला वेळ लागतो. २०१२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत इंट्रेड नावाच्या बाजारावर एकाच व्यापाऱ्याने उमेदवार रॉम्नी यांच्या बाजूने इतके पैसे ओतले की शेवटच्या दोन आठवड्यांत त्या बाजूला लागलेल्या पैशातला सुमारे एक तृतीयांश त्याचाच होता. त्याचे जवळजवळ ४० लाख डॉलर बुडाले. पण तोपर्यंत तिथला भाव दुसऱ्या बाजारांपेक्षा वेगळा दिसत राहिला, आणि बातम्यांत "बाजार काय म्हणतो" म्हणून तोच छापला जात होता.

तुमच्या फ्रेंच व्यापाऱ्याबद्दल एक सांगते. तो आपलं सर्वेक्षण सगळ्यांना सांगत फिरला नाही. आधी पैसे लावले, बोलला नंतर. क्रिएटरचा धंदाच बोलण्याचा. त्याची माहिती भावात व्यवहारातून उतरत नाही, ती फॉलोअरांच्या डोक्यांतून उतरते. वाटेत ती माहिती राहत नाही, निष्ठा होते.

---

रातराणी_७

निष्ठा हा शब्द अगदी नेमका आलाय. मला त्याच बाजूने बोलायचंय.

आपल्या आवडत्या गेमरविरुद्ध, "तो हा सामना हरेल" यावर कुणी पैसे लावेल का? फार थोडे. मी लाइव्ह स्ट्रीम बऱ्याच बघते. ट्विचवर 'प्रेडिक्शन्स' नावाची सोय आहे. स्ट्रीमर प्रश्न टाकतो, प्रेक्षक चॅनल पॉइंट लावतात, हरलेल्यांचे पॉइंट जिंकलेल्यांत वाटले जातात. पडद्यावर दोन रंगांच्या पट्ट्या वाढत जातात. स्ट्रीमर "चला, माझ्यावर विश्वास आहे ना?" म्हणाला की एक पट्टी सर्रकन पुढे जाते. विरुद्ध बाजूला मोजकीच माणसं राहतात आणि चॅटमध्ये त्यांना गद्दार म्हटलं जातं. प्रेमाने, पण म्हटलं जातं. पॉइंटच आहेत, कुणाचं काही जात नाही, म्हणून मलाही ते आवडतं. त्याच चॅटमध्ये, त्याच माणसांकडून, पॉइंटांच्या जागी पैसे आले तर? "नाही" म्हणणारा तिथे शहाणा व्यापारी ठरत नाही, घरभेदी ठरतो. मग उलट बाजू येणार कुठून?

शिवाय बघणाऱ्यांत किती लहान मुलं असतात, ते विसरू नका. वयाची अट फॉर्मवर असते, चॅटमध्ये नसते.

---

कोराकागद

वाचतोय. एक भाबडी शंका. प्रश्नच क्रिएटरबद्दल असेल तर? म्हणजे "पुढच्या व्हिडिओत तो अमुक शब्द उच्चारेल का". असे बाजार खरंच असतात का?

---

क्षितिजरेषा

शंका अजिबात भाबडी नाही. असतात. कोण कोणता शब्द बोलेल यावर कल्शी (असाच दुसरा बाजार) आणि पॉलिमार्केट, दोन्हीकडे प्रश्न असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी कंपनीच्या तिमाही निकालांच्या कॉलच्या शेवटी सांगितलं की या कॉलमध्ये कोणते शब्द येतील यावरचा बाजार आपण बघत होतो. आणि मग उरलेले शब्द एका दमात म्हणून टाकले: बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग, वेब३. त्या शब्दांच्या "हो" बाजूला असलेले जिंकले, "नाही" बाजूचे हरले.

त्यांनी गंमत म्हणून केलं असेल, रकमाही मोठ्या नव्हत्या. पण त्या बाजारातला भाव कशाचा अंदाज होता? एका माणसाच्या त्या क्षणीच्या लहरीचा. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या बाबतीत तर जाणकारांची साखळीच असते. व्हिडिओ प्रसिद्ध होण्याआधी एडिटरने तो बघितलेला असतो, थंबनेल करणाऱ्याने बघितलेला असतो, प्रायोजकाने मंजूर केलेला असतो. या सगळ्यांना उत्तर माहीत आहे आणि फॉलोअर त्यांच्यासमोर पैसे लावून बसलेत. अशा प्रश्नांत अंदाजच नसतो. कुणाला आधी कळलं, एवढंच असतं.

---

पायवाट

मी स्वतः अर्थशास्त्र सोपं करून सांगणारं एक छोटं चॅनल चालवते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. नावं घेणार नाही.

क्रिएटरला येणारे प्रस्ताव साधारण दोन तऱ्हांचे असतात. एकात तुमच्या लिंकवरून खातं उघडून पैसे भरणाऱ्या प्रत्येकामागे ठरावीक रक्कम. दुसऱ्यात तुम्ही आणलेल्या लोकांच्या व्यवहारांतून कंपनीला जे शुल्क मिळतं त्यातला वाटा, तोही पुढे चालू राहणारा. दिसायला दुसरा जास्त सभ्य वाटतो. ऑनलाइन कॅसिनोच्या भागीदारीत बऱ्याचदा प्रेक्षकाच्या नुकसानीतून वाटा मिळतो. इथे तसं नाही, इथे प्रेक्षक एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी शुल्क घेते.

पण नीट विचार केला की कळतं, या वाट्याने माझं काम बदलतं. शुल्क व्यवहारावर आहे. म्हणजे लोकांनी विचार करून एकदा बाजू घेतली आणि तीन महिने गप्प बसले, तर मला काही नाही. त्यांनी दिवसातून दहा वेळा आत-बाहेर केलं, तर मला चांगलं. मग मी कोणते प्रश्न विचारेन? वर्षअखेरीस महागाई दर किती असेल, असे नक्कीच नाही. मी विचारेन: पुढच्या पंधरा मिनिटांत काय होईल. चांगला, अभ्यासाला वाव देणारा प्रश्न जात्याच लांबचा असतो आणि कमाई असते जवळच्या प्रश्नात. अशा प्रस्तावावर सही केली की क्रिएटर कितीही प्रामाणिक असला तरी हळूहळू घसरणार. म्हणून मी दोन्ही नाकारले.

क्षितिजरेषा म्हणतात तसं "आकडा आधी बोलू नये" हे मी पाळून बघितलंय, आणि त्याचा फायदा दिसतो. व्हिडिओच्या आधी फक्त प्रश्न आणि पार्श्वभूमी देते. प्रत्येकाने शून्य ते शंभरमधला आकडा फॉर्ममध्ये भरायचा. मुदत संपेपर्यंत कुणालाच दुसऱ्याचं उत्तर दिसत नाही, मलाही नाही. नंतर सगळ्या आकड्यांचा आलेख व्हिडिओत दाखवते आणि मग माझं मत सांगते. व्याजदराच्या एका प्रश्नावर आलेखात दोन वेगळे उंचवटे आले. एक गट वीसच्या आसपास, दुसरा ऐंशीच्या. सरासरी पन्नास, म्हणजे "कुणालाच काही माहीत नाही" असं वाटावं. प्रत्यक्षात दोन गट दोन वेगळ्या बातम्या धरून बसले होते. ती चर्चा त्या व्हिडिओतला सर्वांत चांगला भाग झाली. मी आधी बोलले असते तर एकच उंचवटा आला असता, माझ्या आकड्यापाशी.

---

मुद्देसूद

कायद्याची बाजू थोडी टाकतो. प्रेडिक्शन मार्केट नवं असलं तरी क्रिएटरने काय लपवू नये हा प्रश्न नवा नाही.

२०१६ मध्ये दोन प्रसिद्ध यूट्यूबर सीएसगो लोटो या जुगाराच्या साइटवर जिंकतानाचे व्हिडिओ टाकत होते. साइट त्यांच्याच मालकीची होती, हे प्रेक्षकांना नीट सांगितलेलं नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली. व्यक्तिशः इन्फ्लुएन्सरवरची ती पहिली कारवाई. किम कार्दाशियन यांनी एका क्रिप्टो टोकनच्या पोस्टसाठी अडीच लाख डॉलर घेतल्याचं सांगितलं नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनी १२.६ लाख डॉलर भरून तडजोड केली.

बाजारांबाबत देशादेशात फरक आहे. अमेरिकेत पॉलिमार्केटला २०२२ मध्ये १४ लाख डॉलर दंड झाला आणि तिथले ग्राहक बंद करावे लागले. कल्शीने मात्र २०२० मध्येच नियामकाची परवानगी घेतली आणि २०२४ मध्ये निवडणुकीच्या प्रश्नांसाठीचा खटला जिल्हा न्यायालयात जिंकला. फ्रान्स, सिंगापूरने पॉलिमार्केटला अटकाव केला. भारताच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांबरोबर त्यांची जाहिरातही गुन्हा आहे. क्रिएटरचे फॉलोअर जगभर पसरलेले असतात. एका देशात वैध असलेली लिंक दुसऱ्या देशातल्या फॉलोअरला अडचणीत आणू शकते, आणि "खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं" हे उत्तर पुरत नाही.

---

घनगर्द

पायवाट यांचा शुल्काचा मुद्दा पूर्ण पटला. तसा विचार मी केला नव्हता.

तरी एक आक्षेप राहतो. पैसे काढून टाकले तर लोक मनावर घेतात का? फॉर्ममध्ये ७० लिहायला काय लागतं? पैसा लावताना माणूस दोनदा विचार करतो.

---

आडवाछेद

यावर चांगलं काम झालंय. २००३ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामात खऱ्या पैशांचा एक बाजार आणि खोट्या पैशांचा एक बाजार यांची तुलना केली गेली. अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याहून मोठं उदाहरण मानसशास्त्रज्ञ टेटलॉक यांच्या गुड जजमेंट प्रोजेक्टचं. अमेरिकी गुप्तचर खात्यांच्या संशोधन संस्थेने २०११ ते २०१५ अंदाजांची स्पर्धा घेतली, त्यात हा गट इतर संघांच्या पुढे राहिला. तिथले अंदाजकर्ते अचूकतेवर पैसे लावत नव्हते. त्यांना मिळत होते गुण, क्रमांक आणि एकमेकांशी वाद घालणारे संघ.

गुण ब्रायर पद्धतीने. १९५० मधली साधी पद्धत आहे: तुमची शक्यता आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग. ०.९ म्हणालात आणि घडलं तर ०.०१. नाही घडलं तर ०.८१. जितके कमी तितके चांगले. छातीठोक बोलून चुकणाऱ्याला हे सूत्र सोडत नाही. आणि क्रिएटरच्या ग्रुपमध्ये लोकांना ओळख हवीच असते. नावापुढे वर्षभराचा ब्रायर दिसला की सत्तर लिहिताना माणूस विचार करतो.

मला तर वाटतं, क्रिएटरचाही ब्रायर चॅनलच्या पहिल्या पानावर असावा. भाकितं करणारे इतके आहेत आणि नोंद ठेवणारे इतके कमी!

---

रातराणी_७

क्रिएटरचा ब्रायर पहिल्या पानावर, याला माझं जोरदार अनुमोदन.

---

कोराकागद

निकाल कोण लावणार? इथे सगळे अंदाजावर बोलतायत, पण भांडण तर निकालावर होतं.

---

क्षितिजरेषा

बरोबर, आणि यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवलाय.

२०२५ च्या उन्हाळ्यात पॉलिमार्केटवर प्रश्न होता: झेलेन्स्की जुलैच्या आधी सूट घालतील का? जूनमध्ये ते एका परिषदेला काळ्या जाकिटात आले. अनेक माध्यमांनी त्याला सूट म्हटलं. निकाल लावणाऱ्या टोकनधारकांच्या (मताधिकार देणारी क्रिप्टो टोकन बाळगणाऱ्यांच्या) मतदानात शेवटी "नाही" ठरलं. त्या प्रश्नावर २० कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झाली होती. सूट कशाला म्हणायचं हे आधी लिहिलेलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडे जास्त टोकन त्यांचं मत जास्त. तेच लोक त्या प्रश्नावर पैसेही लावू शकत होते.

मॅनिफोल्ड नावाच्या बाजारावर खोटे पैसे असतात आणि तिथे बहुतेक वेळा प्रश्न टाकणाराच निकाल लावतो. क्रिएटरसाठी ही रचना सोपी. पण वाद झाला की तो आपल्याच माणसांपैकी अर्ध्यांना नाराज करणार. म्हणून निकालाची कसोटी प्रश्नातच हवी, आणि निकाल लावणारा त्या प्रश्नात अंदाज न दिलेला हवा.

आमच्या ग्रुपमधला एक प्रश्न उघडून दाखवतो. पहिला मसुदा: "हे रॉकेट या महिन्यात उडेल का?" दहा मिनिटांत शंका आल्या. महिना कुठल्या वेळेप्रमाणे? उडणं म्हणजे इंजिन पेटणं की जमीन सोडणं? इंजिनं पेटून लगेच बंद झाली तर? उड्डाणाच्या तिसऱ्या सेकंदाला स्फोट झाला तर ते उडालं का? शेवटी असं ठरलं: "महिन्याच्या शेवटच्या दिवशी युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) २३:५९ च्या आत रॉकेटने प्रक्षेपणस्थळाची पकड सोडली, तर 'हो'. पुढे काय झालं याचा संबंध नाही. पुरावा: प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचं थेट प्रक्षेपण किंवा तिचं निवेदन. दोन्ही नसतील तर प्रश्न रद्द." रॉकेटबद्दल लोक सगळ्यांत जास्त शिकले ते हा मसुदा लिहिताना. प्रक्षेपण कशाने लांबतं, हवामानाची अट काय असते, परवाना कुणाकडून लागतो, हे सगळं प्रश्नाच्या खाली चर्चेत आलं. भाव किती होता हे आता कुणाला आठवणारही नाही.

क्रिएटर आणि त्याचा ग्रुप एकत्र येऊन जे करू शकतात आणि अनोळखी व्यापाऱ्यांचा बाजार करू शकत नाही, ते हेच.

---

घनगर्द

हे सुंदर आहे. मग फ्रेंडटेक या अ‍ॅपसारखे प्रयोग तुमच्या मते मुळातच चुकले होते? तिथे २०२३ मध्ये क्रिएटरच्या 'किल्ल्या' विकत घ्यायच्या, जितके जास्त घेणारे तितका भाव चढा, अशी रचना होती. वर्षभरात सगळं ओसरलं.

---

आडवाछेद

तिथे घटना कुठली होती? निकाल लागेल असा दिवसच नव्हता. पुढचा घेणारा येईल यावरच भाव उभा होता. प्रेडिक्शन मार्केटला एक दिवस वास्तवासमोर उभं राहावं लागतं. त्याची तुलना फ्रेंडटेकशी नको.

---

पायवाट

क्षितिजरेषा, तुमच्या मसुद्याचा नमुना मी वापरला तर चालेल ना? त्यात एक भर घालू इच्छिते: मसुद्याची चर्चा आणि अंदाज भरणं यांच्यामध्ये एक दिवस मोकळा सोडायचा. चर्चेत जो जोरात बोलतो त्याचा आकडा नाहीतर सगळ्यांच्या फॉर्ममध्ये उतरतो.

आणि एक अडचण आहे. लोक अंदाज शेवटच्या दिवशी भरतात. तोपर्यंत अर्धं उत्तर कळलेलं असतं, त्यामुळे त्यांचा ब्रायर चांगला दिसतो. आधी धाडस करणारा मागे पडतो.

---

क्षितिजरेषा

खुशाल वापरा. मोकळ्या दिवसाची कल्पना आम्हीही घेतो.

---

आडवाछेद

शेवटच्या दिवसाच्या अडचणीवर दोन उपाय आहेत. प्रश्न उघडल्यापासून बंद होईपर्यंत रोजचा ब्रायर काढून सरासरी घ्यायची. ज्याने अजून भरलेलं नाही त्याच्या नावावर त्या दिवशीचा ग्रुपचा मधला आकडा धरायचा, म्हणजे गप्प राहण्याचा फायदाही नाही आणि शिक्षाही नाही. किंवा प्रत्येकाचे गुण त्याच दिवशीच्या ग्रुपच्या मधल्या आकड्याशी तुलना करून द्यायचे. माझी पसंती दुसऱ्याला, कारण त्यात सोपे प्रश्न निवडून गुण जमवणाराही उघडा पडतो. दोन्हींत मधला आकडा हिशेबातच ठेवायचा, मुदत संपेपर्यंत लोकांना दाखवायचा नाही. स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने जास्त लागतील, बाकी काही नाही. पायवाट, तुमचा फॉर्म बघायला मिळाला तर सूत्रं घालून देते.